दादासाहेब गायकवाड यांची आमदारकी

लासलगावच्या बाजारपेठेत कांद्याचे लिलाव एक दिवस बंद पडले, तर त्याची वार्ता संध्याकाळपर्यंत मुंबईला आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीला पोहोचते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविले आणि त्याच वर्षी डिसेंबरात निर्यातच बंद केली, तेव्हा या जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, बोलणे भाग पडले. ते योग्यच झाले. शेतकऱ्याच्या घामाचे मोल बुडत असता त्याचा प्रतिनिधी मुका राहील, तर त्याने सभागृहात बसावे तरी कशाला? परंतु लिलाव थांबले की व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर कांदा निवडणाऱ्या, गोण्या भरणाऱ्या, त्या पाठीवर घेऊन मालमोटारीत चढविणाऱ्या स्त्री-पुरुषांची रोजीही त्याच दिवशी बुडते. त्यांच्याजवळ ना जमीन, ना साठविलेला माल, ना उद्याच्या भावाची आशा. या माणसांत आमचे बांधव किती आहेत हे लासलगाव, विंचूर, निफाड येथील वाचकांस आम्ही सांगावयास नको. त्यांच्या बुडालेल्या रोजीसाठी कोणत्या सभागृहात किती वेळ चर्चा झाली, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

ज्या कुटुंबांनी अलीकडे धम्मदीक्षा घेतली त्यांच्यापैकी अनेकांच्या तोंडी एक वाक्य असते. देव सोडले, नवस सोडले, आता या राजकारणाचेही आम्हांस काय काम? आमदार कोणीही होवो, तो आपला नव्हे. हा वैताग आम्ही समजू शकतो. पण तो बरोबर आहे असे आम्हांस वाटत नाही. ग्रामीण भागातून निवडून गेलेला, आमच्यातला, आमच्याच जिल्ह्यातला एक आमदार कसा होता, त्याने काय साधले आणि त्याला काय साधले नाही, याचा हिशेब मांडल्यावाचून असा निकाल देणे घाईचे होईल. तो आमदार म्हणजे कर्मवीर दादासाहेब गायकवाड.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. वतनदार महाराच्या घरी जन्मणे म्हणजे काय, हे त्या काळी गावात राहणाऱ्यास शिकवावे लागत नसे. तरुणपणीच ते परमपूज्य बाबासाहेबांच्या चळवळीत आले, आणि २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्याचा भार त्यांच्या खांद्यावर पडला. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेले. इकडे मंदिराच्या चार दरवाजांवर तुकड्या बसविणे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी धान्य पोहोचविणे, खेड्यापाड्यांतून नवे सत्याग्रही आणणे, ही कामे भाऊरावांनी केली. या सत्याग्रहाची हकीकत आपल्या घराघरांत सांगितली जाते. ती आम्ही येथे पुन्हा सांगत नाही.

सांगावयाची गोष्ट वेगळीच आहे. मार्च १९३४ मध्ये, चार वर्षे लाठ्या आणि दगड खाल्ल्यानंतर, बाबासाहेबांनी भाऊरावांना एक पत्र लिहिले. मूर्तिपूजक होण्यासाठी किंवा मंदिरात गेल्याने आपण समान होऊ या समजुतीने हा लढा आपण आरंभिला नव्हता, दलितांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून आरंभिला होता, आता ते कार्य झाले आहे, तेव्हा यापुढे सारी शक्ती राजकारणावर व शिक्षणावर एकवटावी, असा त्या पत्राचा आशय आहे. ज्याने आयुष्याची उमेदीची चार वर्षे एका दरवाजापाशी घातली त्याला हे वाचून काय वाटले असेल? भाऊरावांनी कुरकूर केली नाही. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, लासलगावापासून बैलगाडीच्या वाटेवर असलेल्या येवल्यास परिषद भरली आणि आपण हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा बाबासाहेबांनी तेथे केली. नाशिकच्या मंदिरापासून मुंबईच्या विधिमंडळापर्यंतची वाट या पत्रातून आणि या परिषदेतून गेली आहे. आमदारकी ही दादासाहेबांनी मागून घेतलेली खुर्ची नव्हती. ते चळवळीचे पुढचे काम होते, आणि ते त्यांच्या वाट्यास आले.

ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. फेब्रुवारी १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. सभासद १७५, त्यांपैकी १५ जागा अस्पृश्यांसाठी राखीव. आजच्या तरुणांस ती निवडणूक कशी झाली हे सांगितले पाहिजे, कारण मताला किंमत कशी येते हे त्यातून कळते. तेव्हा प्रत्येक प्रौढास मत नव्हते. सारा भरणारा, काही शिकलेला, अशा थोड्यांनाच ते होते, आणि आमच्यात असे किती असणार! पुणे करारान्वये आधी केवळ अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडावयाचे व मग त्या चौघांतून सर्व हिंदू मतदारांनी एकास निवडावयाचे, अशी दुहेरी चाळण होती. म्हणजे आमच्या मतदारांचा पहिल्या पसंतीचा माणूस दुसऱ्या चाळणीत स्पृश्यांच्या मतांनी पाडता येई. परंतु मुंबई प्रांतात एक सवलत मिळाली होती. ज्या मतदारसंघात एकाहून अधिक जागा असत तेथे मतदारास जितक्या जागा तितकी मते असत, आणि ती सारी एकाच उमेदवारास देण्याची मुभा असे. आमच्या लोकांनी ही मुभा बरोबर ओळखली. आपली सगळी मते आपल्या एका माणसाच्या पदरात टाकावयाची, दुसऱ्या कोणास एकही द्यावयाचे नाही, हे खेड्याखेड्यांत जाऊन शिकविले गेले. बाबासाहेब मुंबईतून निवडून आले, भाऊराव नाशिक जिल्ह्यातून निवडून आले आणि पक्षाचे बहुतेक उमेदवार यशस्वी झाले. निरक्षर म्हणून ज्यांची हेटाळणी होत असे, त्या मतदारांनी मतदानाचे एक गणित असे सोडविले की मोठमोठे पक्ष पाहत राहिले.

सभागृहात भाऊरावांच्या नावावर मोठमोठ्या भाषणांचे ढीग नाहीत. ते बॅरिस्टर नव्हते. पण जानेवारी १९३८ मधील एक प्रसंग आमच्या प्रत्येक घरात ठाऊक असावयास हवा. स्थानिक मंडळांच्या कायद्यात दुरुस्ती करणाऱ्या काँग्रेस सरकारच्या विधेयकात अस्पृश्यांना ‘हरिजन’ असे नाव कायद्याने चिकटविण्याचे घाटत होते. त्यावर भाऊराव उठले. अस्पृश्य जर देवाची माणसे, तर मग स्पृश्य ही कोणाची माणसे समजावयाची, राक्षसांची काय, असा त्यांचा साधा प्रश्न होता. आम्हांस गोड नाव नको, आमची स्थिती बदला, हे त्याचे मर्म. बहुमताच्या जोरावर सरकार पुढे गेले आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद बाबासाहेबांसह सभागृहाबाहेर पडले. मते मोजली तर हा पराभव होता. तथापि, तुम्हांस काय म्हणावे हे तुमच्यावाचून कोणी ठरवू नये, हा हक्क त्या दिवशी विधिमंडळाच्या कामकाजात नोंदला गेला. पुढे ज्यांनी स्वतःस बौद्ध म्हणवून घेतले त्यांनी त्या हक्काचाच वापर केला.

त्याच महिन्यात, १० जानेवारीस, कोकणातले व घाटावरचे हजारो शेतकरी खोती नष्ट करा अशी मागणी घेऊन मुंबईस विधिमंडळावर चालून गेले. खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्येच मांडले होते. महार वतनाचाही प्रश्न त्यांनी पुन्हा हाती घेतला. १८७४ च्या वतन कायद्याने महारास सरकारी सारा वाहणे, निरोप पोहोचविणे, हद्दी राखणे, साहेबाच्या घोड्यापुढे धावणे, अशी रात्रंदिवसाची कामे बांधून दिली होती. मोबदला म्हणून वतनाची तुटपुंजी जमीन, तिच्यावर जुडी नावाचा कर, आणि बाकी गावाकडून बलुते, म्हणजे गावाची मर्जी. घरचा एक माणूस आजारी असला तर घरातल्या दुसऱ्याने जावे. बाबासाहेबांनी १९२८ सालीच यावर विधेयक आणले होते व ते मागे घ्यावे लागले होते. १९३७ नंतरही ते पार पडले नाही. १९३९ च्या अखेरीस काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, गव्हर्नराचा अंमल सुरू झाला आणि विधानसभा नावापुरती उरली.

म्हणजे आमदार म्हणून दादासाहेबांना खरे काम करावयास मिळाले ते जेमतेम अडीच वर्षे. त्यांत आमच्या हिताचा एकही मोठा कायदा झाला नाही. ही गोष्ट आम्ही झाकून ठेवीत नाही. ज्यांस ‘आमदार असून काय उपयोग झाला’ असे विचारावयाचे आहे त्यांनी ती अवश्य पुढे करावी. पण मग पुढचे वर्षही पाहावे. सरकारने वतनाच्या जमिनींवरील जुडी वाढविली, तेव्हा सभागृह बंद होते. आमदार बोलणार कोठे? निफाडच्या शेजारी सिन्नर येथे १६ ऑगस्ट १९४१ रोजी वतनदार महारांची परिषद भरली, बाबासाहेब तेथे आले आणि वाढीव जुडी न भरण्याचा निर्धार झाला. अखेर सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले. १९३७ च्या निवडणुकीत गावोगावी जी माणसे जोडली गेली होती, जे निरोप एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जाऊ लागले होते, त्यांच्यावाचून अशी परिषद उभी राहिली नसती, असे आमचे मत आहे.

यानंतर मात्र वाईट दिवस आले. १९४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची वाताहत झाली. पहिल्या चाळणीत आमचे उमेदवार पुढे, दुसऱ्या चाळणीत मागे. पुणे कराराचे हे फळ बाबासाहेबांनी आधीच सांगून ठेवले होते. १९५२ मध्ये तर खुद्द बाबासाहेबच मुंबईत पराभूत झाले. अकरा वर्षे दादासाहेबांस कोणत्याही सभागृहात निवडून जाता आले नाही. आजचा पुढारी पाच वर्षे खुर्चीवाचून राहिला तर पक्ष बदलतो. दादासाहेबांनी या काळात पडीक जमिनींचा प्रश्न हाती घेतला, आणि १९५३ मध्ये मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला.

१४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा आणि ६ डिसेंबरचा वज्राघात यांनंतर काही महिन्यांतच १९५७ ची सार्वत्रिक निवडणूक आली. संयुक्त महाराष्ट्र समितीबरोबर फेडरेशन उभे राहिले. नाशिकमधून दादासाहेब आणि शेजारच्या कोपरगावातून बी. सी. कांबळे लोकसभेवर गेले. नाशिकची जागा राखीव नव्हती. ज्या नाशिकने १९३० मध्ये या माणसास मंदिराचा उंबरठा ओलांडू दिला नाही, त्याच नाशिकच्या स्पृश्य मतदारांनी त्याला आपला खासदार म्हणून दिल्लीस पाठविले. यात समितीच्या लाटेचा वाटा मोठा होता, हे खरेच. तरी मतपेटीत चिठ्ठी टाकताना हात थबकला नाही, हेही खरे.

वतनाचे जोखड शेवटी १ ऑगस्ट १९५९ रोजी उतरले. मुंबई राज्याने कनिष्ठ गाव-वतने नाहीशी करण्याचा कायदा केला. १९२८ च्या विधेयकापासून मोजले तर एकतीस वर्षे लागली. येसकराची काठी गेली. पण जमिनीचे काय? ती सरकारजमा होऊन, कब्जेहक्काची रक्कम भरल्यावर, नव्या व अविभाज्य शर्तीने जुन्या वतनदारास परत द्यावयाची होती. कलेक्टराच्या परवानगीवाचून ती विकता येऊ नये, ही अट त्यात होती. या अटीबद्दल आमच्यातच दोन मते आहेत. एक म्हणते, आमच्याच जमिनीवर आम्हांस दुय्यम मालक केले. दुसरे म्हणते, ही अट नसती तर दारूच्या आणि लग्नाच्या कर्जापायी एका पिढीत सारे रान सावकाराच्या घशात गेले असते. आम्ही दुसऱ्या मताचे आहोत. परंतु ज्यांना रक्कम वेळेवर भरण्याची माहितीच कोणी दिली नाही, त्यांची जमीन कागदोपत्री सरकारचीच राहिली, आणि हा दोष कायद्याइतकाच तो गावात समजावून न सांगणाऱ्या कार्यकर्त्यांचाही आहे.

ज्यांस वतन नव्हते त्यांचे काय, हा प्रश्न दादासाहेबांनी सोडला नाही. खासदार असतानाच १९५९ मध्ये त्यांनी नाशिक, खानदेश, अहमदनगर व मराठवाडा येथे भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. १९६२ पासून १९६८ पर्यंत ते राज्यसभेत होते. त्या काळात, १ ऑक्टोबर १९६४ रोजी, रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांस दहा मागण्यांचे निवेदन दिले, आणि ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह सुरू झाला. तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली असा पक्षाचा हिशेब होता. संसदेचा सभासद सत्याग्रहींबरोबर तुरुंगाची वाट धरतो, आणि परत येऊन त्याच संसदेत त्याच जमिनीबद्दल विचारतो, असे दृश्य आता दुर्मीळ झाले आहे.

त्या दहा मागण्यांत बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाव्यात ही मागणी होती. तिची गरज किती होती हे नागपूरच्या एका आमदाराच्या प्रकरणावरून दिसते. डॉ. डी. पी. मेश्राम १९६२ मध्ये राखीव जागेवरून महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आले. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे, म्हणून ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असा अर्ज झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६४ मध्ये तेथे निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. धर्मांतराच्या पुराव्यांत घरच्या लग्नपत्रिकेवर छापलेले भगवान बुद्धाचे चित्रही होते! वाचकांनी क्षणभर विचार करावा. ज्या पत्रिका आपण अभिमानाने वाटतो, तीच एका आमदाराची जागा जाण्यास कारण झाली. महाराष्ट्र सरकारने १९६० मध्ये राज्यापुरत्या शिक्षणाच्या व नोकरीच्या सवलती नवबौद्धांस दिल्या होत्या, पण राखीव मतदारसंघ हा राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाचा विषय. तो आदेश बदलला १९९० मध्ये. त्याच वर्षी १२ एप्रिलला संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागले, आणि तीही त्या दहांपैकीच एक मागणी होती. दादासाहेब २९ डिसेंबर १९७१ रोजीच गेले होते.

त्यांच्या कारकिर्दीस डाग नाही असे आम्ही म्हणत नाही. १९५९ पासून पक्षात फूट पडली, ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ अशी थट्टेची नावे रूढ झाली, आणि त्या भांडणात गावोगावचे कार्यकर्ते होरपळले. एका बाजूस शिकलेले शहरी वकील, दुसऱ्या बाजूस खेड्यातला भूमिहीन व त्याचे दादासाहेब, असे त्या वादाचे चित्र काढले जाते. ते अगदी खोटे नाही, पण त्यात दोन्ही बाजूंचा हट्टही होता. १९६७ च्या सुमारास त्यांनी काँग्रेसशी हातमिळवणी केली. तिच्यातून जिल्हा परिषदांत काही जागा पदरात पडल्या आणि पक्षाचा स्वतंत्र बाणा गेला. ज्या पक्षाने ‘हरिजन’ हे नाव लादले त्याच्या मांडीला मांडी लावून बसणे तरुणांस सोसले नाही, आणि त्यांचा राग निष्कारण नव्हता. आमच्या मते हा सौदा महाग पडला.

आता लासलगावकडे परत येऊ. २००९ च्या निवडणुकीपासून लासलगाव निफाड तालुक्यात असूनही येवला विधानसभा मतदारसंघात आहे. म्हणजे १९३५ च्या घोषणेची भूमी आणि लासलगाव यांचा आमदार एकच. त्या आमदारास आमच्या लोकांनी भेटावयाचे ते हार घेऊन नव्हे, कागद घेऊन. १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरानावर कसून खाणाऱ्या भूमिहीन अनुसूचित जातींची अतिक्रमणे नियमित करावयाची होती. आपल्या गावात तसे अर्ज किती झाले, किती निकालात निघाले, किती धूळ खात पडले? २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला, परंतु भूमिहीन मजूर व अनुसूचित जातींना सरकारी आदेशाने दिलेल्या जमिनींसाठी त्यात अपवाद ठेवला आहे. नोटीस आली की घाबरून झोपडी मोडण्यापूर्वी हा अपवाद आपणास लागू होतो की काय, हे पाहणे आमदाराचे कामच आहे.

आणखी एक. दादासाहेबांच्याच नावाने राज्य सरकारची सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांस चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन सरकारने विकत घेऊन द्यावी, असे ती सांगते. २०१८ मध्ये कर्जाचा भाग काढून ती पूर्ण अनुदानाची केली आणि खरेदीची कमाल किंमत जिरायतीस एकरी ५ लाख, बागायतीस एकरी ८ लाख ठरविली. कालव्याच्या पाण्यावर द्राक्षे आणि कांदा पिकविणाऱ्या निफाडात या दराने जमीन विकावयास कोण तयार होणार? विकणारा नाही म्हणून योजना नाही, असे उत्तर कचेरीत मिळते. दर तालुक्याप्रमाणे ठरवावा, हा प्रश्न विधानसभेत विचारता येतो, लेखी विचारता येतो, आणि त्याचे लेखी उत्तर सरकारला द्यावे लागते. लासलगाव मंडळातील भूमिहीन बौद्ध कुटुंबांनी आपापल्या नावांची यादी, जातीचे दाखले आणि पूर्वी केलेल्या अर्जांच्या नकला पुढील अधिवेशनापूर्वी एकत्र कराव्यात, आणि दहापाच जणांनी मिळून त्या आमदारांच्या हाती देऊन पोच घ्यावी.